बाजार म्हापशाचा, वाट पेडणे-डिचोलीची

शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेचा पुनर्विकास हा आपल्याकडे सर्वांनाच प्रिय झालेला विषय आहे. निवडणूक जवळ आली की तो उमेदवारांच्या तोंडी येतो, नगरपालिकेचा अर्थसंकल्प मांडला जाऊ लागला की तो कागदावर उतरतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीत बाजाराच्या वाटा चिखलाने भरल्या की वृत्तपत्रांच्या रकान्यांत त्याची पुन्हा आठवण निघते. म्हापशाची बाजारपेठ ह्या नियमाला अपवाद नाही. पुनर्विकास म्हटले की डोळ्यांपुढे येते ते बहुमजली संकुल, गुळगुळीत फरशी, सरकते जिने आणि तळघरात मोटारींचे वाहनतळ. असल्या चित्रांना आमचा तत्त्वतः विरोध नाही. परंतु चित्र रंगविण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला जावा, अशी आमची अपेक्षा आहे. ह्या बाजारात माणसे येतात ती कोठून, आणि येतात ती कशी? ह्या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना बांधलेली इमारत कितीही देखणी असली तरी तिला बाजार म्हणता येणार नाही. फार तर ती दुकानांची चाळ होईल.

म्हापसा शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४० हजार होती. त्याच जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या पाऊण लाख आणि डिचोली तालुक्याची लाखाला थोडी कमी भरली. ह्या आकड्यांचा अर्थ उघड आहे. म्हापशाचा बाजार म्हापसा शहराहून मोठा आहे. शुक्रवारच्या दिवशी ज्यांच्या पायांनी तो भरतो त्यांत म्हापसेकर असतातच. परंतु केरी, पालये, हरमल, मांद्रे, कोरगाव, धारगळ, तोरसे, चांदेल, इब्रामपूर, तसेच मुळगाव, लाटंबार्से, मये, नार्वे, साखळी अशा गावांतून येणाऱ्यांचाच त्यात मोठा भरणा असतो. आपल्याकडे आठवड्याचे वारच बाजारांनी वाटून घेतलेले आहेत. साखळीचा सोमवार, डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार आणि ह्या सर्वांवर मुकुट चढावा तसा म्हापशाचा शुक्रवार. आपल्या गावचा बाजार आटोपूनही जे विकायचे राहते आणि जे विकत घ्यायचे राहते, ते म्हापशाला राहत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री आहे. माप आणि ते भरणे ह्यांवरूनच गावाला म्हापसा हे नाव पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला ते उतरो वा न उतरो, लोकांच्या मनात ह्या गावाचे चित्र काय आहे हे त्यातून स्पष्ट दिसते.

ह्या बाजारात येणारा माल पाहावा. भौगोलिक मानांकन लाभलेली हरमलची मिरची येथे येते, मयड्याची लांबलचक केळी येथे येतात, डिचोलीच्या कुंभारांची मडकी, पणत्या आणि तुळशीवृंदावने येथे येतात. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताचा बाजार भरतो. उकडे तांदूळ, सुकी मासळी, आमसुले, चिंच, मिरच्या ह्यांची पावसाळी बेगमी करण्यासाठी घरचे सगळे येथे उतरतात. चतुर्थी जवळ आली की माटोळीचे सामान येते. रानात हिंडून, काट्याकुट्यांतून हात घालून गोळा केलेली कांगले, कवंडळे, सुपारीचे कात्रे आणि निरनिराळ्या रानफळांचे घोस घेऊन बायाबापडे पहाटे बसतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या टोपल्या रिकाम्या होतात. आपल्या घरातल्या गणपतीवर जी माटोळी शोभते, तिच्यामागे अशा कोणा अनामिकेची रानातली पायपीट आणि मग टोपली सांभाळीत केलेला बसप्रवास असतो. माटोळी ही आपल्या संस्कृतीची खूण असल्याचे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. ती खूण बाजारापर्यंत पोचते कशी, ह्याचा विचार मात्र क्वचितच करतो.

इतिहासाकडे थोडे वळून पाहणे येथे उपयोगाचे ठरेल. बार्देश हा जुन्या काबिजादींतला प्रदेश. डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज सत्तेखाली आले. राज्यकर्त्यांनी हे नवे महाल दीडशे-पावणेदोनशे वर्षे सापत्नभावाने वागविले. शाळा, दवाखाने आणि रस्ते ह्यांच्या बाबतीत हा भाग मागेच राहिला. अशा काळात नव्या काबिजादीतल्या रयतेचा बार्देशशी जो नित्याचा संबंध राहिला तो ह्या बाजारानेच राखला. शापोरा नदी होडीने ओलांडून, डोंगरवाटा तुडवून, बैलगाडीने, पुढे कारेरीच्या लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसून माणसे येत राहिली. आज ओढ्यासारखी दिसणारी म्हापशाची तार नदी एके काळी मालाची ने-आण करणाऱ्या होड्या वाहून आणी, हे तिच्या नावातच लिहिलेले आहे. आजची नगरपालिका बाजारपेठ मुक्तीच्या थोडी अगोदर, १९६० च्या सुमारास उभी राहिली. प्रत्येक जिनसेला वेगळी ओळ, मध्ये मोकळे चौक आणि चहूबाजूंनी आत शिरायला वाटा अशी तिची आखणी. परकी सत्ता होती, पण आखणी करणाऱ्याला बाजार कशासाठी असतो हे कळत होते, एवढे श्रेय त्याला देण्यास आमची हरकत नाही.

ती आखणी आज ओळखू येत नाही. चौक मालाने भरले, वाटांवर पसरे आले, दुकानदारांनी आपले सामान दाराबाहेर मांडले आणि त्या सामानाच्या पुढे फेरीवाले बसले. हे सारे फेरीवाल्यांचेच पाप आहे असे म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती आम्हांला मान्य नाही. तसेच प्रत्येक पसरा हा गरिबाचा पसरा असतो हा भाबडा समजही आम्हांला मान्य नाही. बाहेरून माल आणून माणसे लावून विकणारे घाऊक व्यापारी आणि स्वतःच्या परसातली भाजी घेऊन येणारी बाजारकरीण ह्या दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. तरीही आजची स्थिती अशीच राहावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. आगीच्या बंबाला आत शिरणे अवघड व्हावे आणि म्हाताऱ्या माणसाला धक्के खाल्ल्याशिवाय चालता येऊ नये, ही बाजारपेठेच्या भरभराटीची लक्षणे नव्हेत. पुनर्विकास हवा, ह्याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणाला मध्यभागी धरून करायचा एवढाच.

ह्या बाबतीत जी चर्चा कानी पडते ती बहुतांशी वाहनतळाभोवती घोटाळते. मोटार लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, म्हणून आधी वाहनतळ बांधा, अशी ही मागणी आहे. गोव्यात नोंदविलेल्या वाहनांची संख्या राज्याच्या लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे, तेव्हा ही मागणी अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु थोडा हिशेब करावा. एक मोटार उभी करायला सुमारे १२ चौरस मीटर जागा लागते. त्याच जागेत टोपली घेऊन बसणाऱ्या पाच-सहा बाया दिवसभर धंदा करू शकतात आणि दिवसाकाठी शेकडो गिऱ्हाइकांना माल देऊ शकतात. मोटारीतून उतरतात ती एक-दोन माणसे, फार तर चार. उलट तीन मोटारींएवढी लांबी व्यापणाऱ्या एका बसमधून ४० माणसे उतरतात आणि बस लगेच पुढे निघून जाते, दिवसभर जागा अडवून बसत नाही. शहराच्या मध्यभागी जमीन सर्वांत मौल्यवान असते. ती स्थिर उभ्या पत्र्याला द्यायची की हिंडत्या-फिरत्या माणसांना, ह्याचा निर्णय भावनेने करण्याचे कारण नाही. त्रैराशिकानेही तो होतो.

दुकानदारांची भीती आम्ही समजू शकतो. रस्त्यावर गाड्यांना मज्जाव केला तर धंदा बसेल, ही शंका जगात सर्वत्र व्यक्त झालेली आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या मुख्य बाजाररस्त्यावर, स्ट्रॉयेटवर, १९६२ साली मोटारी बंद झाल्या, तेव्हा तेथल्या व्यापाऱ्यांनीही हाकाटी केली होती. आज तो रस्ता युरोपातल्या नामांकित पेठांपैकी एक आहे. परदेशाचे दाखले नकोत असे कोणी म्हणेल, तर दिल्लीचा चांदणी चौक पाहावा. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला आणि सकाळी ९ ते रात्री ९ पर्यंत तेथे यांत्रिक वाहनांना बंदी झाली. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला महानगरपालिकेने पादचारी दिन साजरा केला आणि पुढेही तो चालू ठेवला. एक दिवस का होईना, पुणेकर त्या रस्त्याच्या मध्यातून निर्धास्तपणे चालू शकले.

ही उदाहरणे देऊन आम्ही म्हापशात उद्यापासून गाड्या बंद करा असे म्हणणार नाही. कारण ह्या दाखल्यांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ते अर्धवट राहतात. चांदणी चौकात रस्ता पायी चालणाऱ्यांना देण्यापूर्वी, २००५ सालीच, भुयारी रेल्वेचे स्थानक सुरू झालेले होते. कोपनहेगनला रेल्वे आहे, सायकलींची परंपरा आहे. माणसांना येण्याची सोय आधी झाली आणि मोटारींना दूर ठेवणे त्यामुळे पचले. सोय न करता केलेली बंदी ही केवळ शिक्षा ठरते, आणि ती शिक्षा मोटारवाल्याला होत नाही. तो दुसऱ्या रस्त्याने दुसऱ्या बाजारात जातो. शिक्षा होते ती दुसरी वाट नसलेल्याला. म्हणून आमचे म्हणणे असे की, म्हापशाच्या बाजाराचा पुनर्विकास बाजारात सुरू होऊ नये, तो बसथांब्यावर सुरू व्हावा, तोही म्हापशाच्या नव्हे तर चांदेलच्या आणि लाटंबार्सेच्या बसथांब्यावर.

बसचा विषय निघालाच आहे तर तो थोडा विस्ताराने मांडू. कदंब वाहतूक महामंडळ १९८० साली स्थापन झाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही ग्रामीण गोव्याची वाहतूक मुख्यतः खासगी बसमालकांनी चालविली. त्यांच्या गाड्यांतली गर्दी, मध्येच तासन्‌तास थांबणे आणि एकमेकांशी लागलेली शर्यत ह्यांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत. पण ह्याच गाड्यांनी टोपल्या टपावर घेतल्या, ओळखीच्या बाजारकरणीसाठी पाच मिनिटे वाट पाहिली, हेही विसरता येत नाही. अलीकडे ‘म्हजी बस’ योजनेखाली खासगी गाड्या कदंबच्या वेळापत्रकात आणून मालकांना किलोमीटरमागे मोबदला देण्याचा उपक्रम शासनाने हाती घेतला. योजना विचाराने योग्य आहे. ज्या मार्गावर उतारू थोडे त्या मार्गावर बस चालवायची तर तिचा तोटा कोणीतरी उचललाच पाहिजे. परंतु वेळापत्रक ठरविताना शुक्रवार हा वार वेगळा धरला जातो काय? पहाटे टोपली घेऊन निघणारीसाठी एक गाडी आणि दिवेलागणीला परतणारीसाठी एक गाडी, एवढी हमी आतल्या प्रत्येक गावाला देता येणार नाही काय? ओझे ठेवायला गाडीत जागा असावी, त्या ओझ्याचे भाडे ठरलेले असावे आणि वाहकाच्या लहरीवर ते अवलंबून नसावे, ह्यात अशक्य असे काय आहे? घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, अशी म्हण आहे. आमच्या बाजारकरणीच्या नशिबी ओझेही आले आहे आणि हेलपाटाही.

ज्यांना मोटार नाही त्यांची संख्या आता नगण्य आहे, घरोघरी दुचाकी आली आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. घरात दुचाकी असते, पण ती घेऊन मुलगा कामावर गेलेला असतो. सासू, सून आणि शाळकरी पोर ह्यांना बाजाराला, इस्पितळाला किंवा कचेरीला जायचे तर बस, रिक्षा किंवा पायलट ह्यांवाचून गत्यंतर नसते. पेडे येथील जिल्हा इस्पितळात येणारा रुग्ण, कचेरीत दाखल्यासाठी येणारा शेतकरी आणि शुक्रवारची गिऱ्हाइके ही पुष्कळदा एकच माणसे असतात. एका खेपेत तीन कामे उरकावीत, हा त्यांचा हिशेब असतो. बसस्थानक, इस्पितळ आणि बाजार ह्यांना जोडणारी एखादी छोटी फेरीगाडी शहरात फिरली तर त्यांचे किती कष्ट वाचतील! पेडणे तालुक्यातील मोपा येथे विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. सहापदरी महामार्ग झाला, शापोरेवर नवे पूल झाले. दूर देशीच्या प्रवाशाला तासाभरात किनाऱ्यावर पोचविण्याची सिद्धता आपण केली. त्याच तालुक्यातल्या माउलीला २० किलोमीटरांवरच्या बाजारात जाऊन उजेडी घरी परतण्याची शाश्वती नसावी, हे आपल्या नियोजनाला भूषणावह नाही.

डिचोलीची कथा निराळी, पण शेवट तोच. खाणी चालू होत्या तोवर ट्रक, यंत्रे, गॅरेजे आणि खानावळी ह्यांच्या जोरावर डिचोली-साखळीच्या पेठांत पैसा खेळत होता. २०१२ साली खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. पुढे लिलाव होऊन काही पट्टे सुरू झाले, परंतु मधल्या काळात अनेक कुटुंबांनी पुन्हा कुळागराकडे, भाजीच्या वाफ्याकडे आणि छोट्या धंद्याकडे मोर्चा वळविला. त्यांनी पिकविलेले विकण्याची हक्काची जागा म्हणजे आठवड्याचा बाजार. अशा कुटुंबांना बाजारात चार हात जागा मिळणे म्हणजे सरकारी नोकरीएवढेच मोलाचे आहे. स्वयंपूर्णतेची भाषणे आपण ऐकतो. ती स्वयंपूर्णता शेवटी बसच्या टपावरून आणि बाजाराच्या फरशीवरूनच येणार आहे.

राजधानीतला अनुभव ह्या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. पणजीचा जुना बाजार पाडून नवे संकुल उभारण्यात आले. इमारत झाली, पण गाळेधारक आणि महापालिका ह्यांच्यातला भाडेकरारांचा तिढा वर्षानुवर्षे सुटला नाही. आधी इमारत आणि मग करार, ह्या उफराट्या क्रमाचे फळ दोन्ही पक्षांनी भोगले. नंतर स्मार्ट सिटीची पाळी आली. २०१६ साली पणजीची निवड झाली आणि पुढील काळात, विशेषतः २०२३ व २०२४ साली, शहर इतके खणले गेले की १८ जून १९४६ च्या मडगावच्या सभेचे नाव मिरविणारा पणजीचा प्रमुख बाजाररस्ताही त्यातून सुटला नाही. जानेवारी २०२४ मध्ये खणलेल्या चरात पडून एका तरुण दुचाकीस्वाराचा जीव गेला. धूळ आणि दिरंगाई ह्यांबाबत नागरिकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि न्यायमूर्तींना स्वतः शहरात फिरून पाहणी करावी लागली. जुलै २०२४ पासून शहरात कदंबच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्या धावू लागल्या, हे ह्या साऱ्यातले चांगले पान. परंतु ते पान ग्रंथाच्या आरंभी असायला हवे होते. गाड्या आधी, खोदकाम मागाहून आणि तेही एकेका रस्त्याचे, असा क्रम ठेवला असता तर पणजीतल्या अनेक छोट्या दुकानदारांचे हंगाम वाया गेले नसते.

म्हापशाला ह्या चुका पुन्हा करण्याचे कारण नाही. कायदाही तिच्या बाजूने उभा आहे. पथविक्रेत्यांचे संरक्षण करणारा केंद्राचा कायदा २०१४ साली झाला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पुरे झाल्याशिवाय कोणाला उठविता येणार नाही, सर्वेक्षण दर पाच वर्षांनी झाले पाहिजे, नगर विक्रय समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असले पाहिजेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. योजनेसाठी घालून दिलेल्या तत्त्वांत तर असेही म्हटले आहे की, ५० वर्षांहून अधिक काळ विक्री चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये. म्हापशाचा शुक्रवार जर ह्या व्याख्येत बसत नसेल, तर भारतात दुसरा कोणता बाजार बसेल, हे आम्हांला कोणी तरी समजावून सांगावे. मात्र कागदावरचा हक्क कागदावर नाव असणाऱ्यालाच मिळतो. वर्षातून आठ-दहा शुक्रवार येणारी, सोपो देऊन पावती पदराला बांधून नेणारी आणि घरी पोचेपर्यंत ती हरवून बसणारी बाई कोणत्याच यादीत नसते. संकुल उभे राहील, गाळ्यांची सोडत निघेल आणि जिच्यामुळे बाजार नावारूपाला आला तीच सोडतीबाहेर राहील, ही आमची खरी धास्ती आहे.

म्हणून काही ठोस गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो. पहिली गोष्ट मोजणीची. पुरुमेंताच्या दिवसांतला एक शुक्रवार, चतुर्थीपूर्वीचा एक आणि ऐन पावसाळ्यातला एक, अशा तीन दिवशी बाजारात येणाऱ्या माणसांची मोजणी व्हावी. कोण कोठून आले, कशाने आले, परतताना काय अडचण आली, हे विचारावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साह्याने हे काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट नोंदणीची. हंगामी विक्रेत्यांची वेगळी नोंदवही असावी, सोपोची पावती नावानिशी मिळावी आणि स्वतः पिकविलेला माल विकणाऱ्यांसाठी बाजाराच्या दर्शनी भागात, मागच्या अंगाला नव्हे, राखीव जागा असावी. तिसरी गोष्ट वाटेची. बसस्थानक ते बाजार हा टापू प्रथम केवळ शुक्रवारी, तोही ठरावीक तासांपुरता, पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करून पाहावा. मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ द्यावी. सहा महिने प्रयोग करावा आणि दुकानदारांच्या विक्रीवर काय परिणाम झाला हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. प्रयोग फसला तर मागे घेता येतो. काँक्रीटचे वाहनतळ मागे घेता येत नाही.

चौथी गोष्ट बसची, जिचा उल्लेख वर आलाच आहे. शुक्रवारच्या जादा फेऱ्या, ओझ्यासाठी जागा, शेवटच्या गाडीची हमी आणि बसस्थानकावर स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय व बसायला सावली. ह्यांतल्या कोणत्याही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. मोटारवाल्यांसाठी वाहनतळ अवश्य असावे, पण ते पेठेच्या कडेला, चालत पोचता येईल अशा अंतरावर असावे, आणि पेठेच्या पोटात उभ्या करणाऱ्या गाडीला तासागणिक चढते भाडे लागावे. पाचवी गोष्ट क्रमाची. आधी लेखी करार, मग तात्पुरती जागा, मग पाडकाम. तेही एकेका ओळीचे, आणि पुरुमेंत व चतुर्थी हे दोन्ही हंगाम टाळून. सहावी गोष्ट तार नदीची. बाजाराचा कचरा आणि सांडपाणी नदीत जाऊन तिचे गटार झाले आहे. ज्या नदीने एके काळी बाजाराला माल आणून दिला तिला आपण कचरा परत केला, हे ऋण फेडण्याची रीत नव्हे. नव्या आराखड्यात सांडपाण्याची व्यवस्था इमारतीच्या दर्शनी भागाइतक्याच तपशिलाने दाखविली पाहिजे.

ह्या सूचनांवर एक आक्षेप अपेक्षित आहे. नगरपालिकेचे उत्पन्न गाळ्यांच्या भाड्यातून येते, टोपलीच्या सोपोतून कितीसे येणार? हिशेबाच्या वहीपुरते हे खरे आहे. परंतु टोपलीच गिऱ्हाईक आणते आणि त्या गिऱ्हाइकावर गाळा जगतो. शुक्रवारी भाजी, केळी आणि मिरची घ्यायला आलेला माणूस जाताना कापड घेतो, चपला घेतो, औषधे घेतो, सोनाराकडे डोकावतो. टोपली उठली तर तो येणार नाही. बाकीच्या वस्तू त्याला आता दूरध्वनीवरून घरपोच मिळू लागल्या आहेत. आज म्हापशाच्या दुकानदाराचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या दारापुढे बसलेली बाजारकरीण नसून तो दूरच्या गोदामात बसलेला आहे. त्याला जे देता येत नाही ते, म्हणजे ओळख, घासाघीस, ताजेपणा आणि मेळा, ह्या बायाच बाजाराला देतात. दुकानदारांच्या संघटनेने त्यांच्याविरुद्ध निवेदने देण्याऐवजी त्यांच्या बससाठी निवेदन द्यावे, हे तिच्या स्वार्थाचेही आहे.

एक शेवटची गोष्ट. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा, वाट तुटली की पेठा कशा हादरतात, हे उत्तर गोव्याने भोगलेले आहे. दुकाने जागच्या जागी होती, माल होता, पैसा होता, परंतु माणसांना नदी ओलांडायला पुन्हा फेरीबोटीपुढे रांग लावावी लागली. त्या दिवसांचा धडा एवढाच की, बाजार भिंतींनी उभा राहत नाही. तो वाटांवर उभा राहतो. पूल कोसळला म्हणजे तो सर्वांना दिसतो. आडगावची एक बस बंद झाली, एक फेरी रद्द झाली, तर ते कोणालाच दिसत नाही, पण त्या गावापुरता पूल तेवढाच कोसळलेला असतो.

म्हापशाच्या नगरपालिकेत बसणाऱ्यांना पेडण्याची आणि डिचोलीची माणसे मते देत नाहीत. त्यांचे हित पाहण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय एका नगरपालिकेवर न सोडता राज्य शासनाने हाती घ्यावा, तिन्ही तालुक्यांतील लोकप्रतिनिधी, कदंब महामंडळ, दुकानदार आणि बाजारकरणी ह्यांना एका बैठकीला बसवावे आणि आराखड्याचा पहिला कागद हा बसच्या वेळापत्रकाचा असावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बाजाराचा मालक कागदोपत्री कोणीही असो. शुक्रवारी पहाटे ज्यांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी तो उजाडतो, त्यांना विचारल्याशिवाय त्याची एक फरशीही हलविली जाऊ नये.